सतरा नंबरचा खड्डा

मटणाच्या रश्शाचं भांडं टेबलावर ठेवता ठेवता ती बाई थबकली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगंबाई, मातीखाऊ!"

लांब टेबलाभोवतीची माणसं आधी तिच्याकडे आणि मग तिच्या नजरेच्या रोखाने लोवेल हास्किन्सकडे बघू लागली. लोवेलच्या तोंडात पावाचा घास होता. माती-सर्वेक्षणाच्या कचेरीतली माणसं दुपारी या बास्क, म्हणजे स्पेनकडून आलेल्या मेंढपाळांच्या, खाणावळीत जेवायला येतात हे त्याला ठाऊक होतं, पण तो स्वतः कधी आला नव्हता. डबा उघडून टेबलाशीच खाणारा माणूस तो. आज पोर्टलँडच्या वरच्या कचेरीतून किट्रिज आला म्हणून कचेरीचा प्रमुख वेंडेल प्रॅट दोघांना ओढत रेल्वेच्या रुळांमागे घेऊन आला होता. बाईच्या हातात डाव होता, कपाळावर घाम होता, केस पार पांढरे झाले होते. सात वर्षांपूर्वी ते काळे होते.

"ओळखलं नाहीत? दोमिनिका ओयार्बिदे. लॅटिमर व्हॅली. माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून माती चघळायचात तुम्ही." मग ती टेबलाकडे वळून सांगू लागली, "खोटं नाही सांगत. चिमूटभर तोंडात टाकायची आणि मांजरासारखे डोळे मिटायचे. दाताखाली करकरली तर वाळू, टाळूला चिकटली तर चिकणमाती आणि पिठासारखी पसरली तर गाळ. मलासुद्धा चाखायला लावली होती. मी म्हटलं, मीठ कमी आहे."

सगळे हसले. वेंडेलने टेबलावर थाप मारली. "लॅटिमर! अहो बाई, काय मुहूर्तावर भेटलात! उद्या सकाळी तुमच्या लॅटिमरच्या मातीचं बारसं आहे आमच्या कचेरीत. हे किट्रिज साहेब मुद्दाम त्यासाठी आलेत. तिला नाव मिळणार, पुस्तकात जागा मिळणार."

"बारसं?" दोमिनिका म्हणाली. "आम्ही तर तिला मूठमाती देऊन आलो." आणि तिने रस्सा वाढायला सुरुवात केली. लोवेलच्या ताटात हाडाचा मोठा तुकडा पडला, मग दुसरा. वाकून, फक्त त्याला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "आमचं ध्यान वर आहे, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीशी बसून असतं. बोलत नाही फारसं. तुमचा काही दोष नाही हो साहेब. तुम्ही एवढा नकाशा करून दिलात, लिहून दिलंत; नांगर धरायची अक्कल नको? मेंढपाळाने मेंढपाळासारखं राहावं. खा, खा. वाळलात."

ती पुढच्या टेबलाकडे गेली. किट्रिज लसूण फार आहे की काय असं काहीतरी विचारत होता. लोवेलने हाडाकडे पाहिलं. तुमचा काही दोष नाही, हे वाक्य त्याच्या कानाच्या आत कुठेतरी बसलं आणि तिथे गरम होऊ लागलं. शिव्या दिल्या असत्या तर? रश्शाचं भांडं डोक्यावर ओतलं असतं तर? या बाईला आपण इतके दिवस कुठे ठेवलं होतं? नकाशाच्या कुठल्या कप्प्यात? तो जेवला. सगळं जेवला, दोन्ही हाडं चाटूनपुसून, कारण ती लांबून बघत होती.

कचेरीत परतल्यावर त्याच्या टेबलावर टंकलेलं पान येऊन पडलेलं होतं. वर 'लॅटिमर' आणि खाली 'नमुना खड्डा क्रमांक सतरा'. उद्या त्यावर तीन सह्या व्हायच्या होत्या आणि मग ही माती कायमची होणार होती. कुठेही कुणाला तशी माती दिसली की ती सतरा नंबरच्या खड्ड्याशी ताडून पाहायची आणि जुळली तर लॅटिमर म्हणायचं. त्याने पान वाचलं. 'शून्य ते चार इंच: फिकट करडी तपकिरी, ओली केल्यावर गडद, गाळवट पोयटा, मऊ, दाणेदार, बारीक मुळं भरपूर. चार ते चौदा इंच: तोच रंग, ठोकळ्यांची मध्यम घडण, हाताने सहज फुटते, आम्ल टाकल्यावर किंचित फसफसते.' वाक्यं छान होती. त्याची सगळीच वर्णनं छान असत. नव्या पोरांना वेंडेल ती वाचायला देई. माती डोळ्यासमोर उभी राहते, असं म्हणे. सतरा नंबरची तर सगळ्यात सुरेख. आणि त्या मातीला लोवेलने कधी हात लावला नव्हता. तो खड्डा खणलाच गेला नव्हता.

का, याचं उत्तर त्याने सात वर्षं शोधलं होतं. बर्फ पडायला लागलं होतं असं तो काही दिवस स्वतःला सांगत असे. पण बर्फ नव्हतं, त्याने नंतर हवामानाच्या नोंदी काढून बघितल्या होत्या. तब्येत ठीक होती. बायको घरी बरी होती, त्या संध्याकाळी तिने मक्याचं सूपही केलं होतं. नोव्हेंबरातली दुपारची तीनची वेळ. खोऱ्यातले सोळा खड्डे खणून झाले होते, छातीएवढे, प्रत्येकात उतरून, गुडघ्यावर बसून, सुरीने थर टोकरून. सतरावा खोऱ्याच्या तळाशी घ्यायचा होता, जिथे गुडघ्याएवढी पांढरी झुडपं मैलोन् मैल पसरली होती, चंदेरी लोकरीसारखी. त्याने गाडी थांबवली. वारा होता. गाडीत ऊब होती. फावडं मागच्या बाजूला खडखडत होतं ते थांबलं. त्याने वही मांडीवर घेतली, आधी खड्ड्याचा नंबर घातला, मग तारीख, मग उतार, मग झाडोरा; एवढं तर गाडीतूनही दिसत होतं. आणि मग हात थांबला नाही. वीस मिनिटं तो लिहीत राहिला. सोळा खड्ड्यांचं सगळं त्याच्या बोटांत होतं. मातीने कसं असावं हे त्याला आतून ठाऊक होतं आणि ती तशी होत गेली. लिहिताना त्याला आनंद झाला होता, हे सगळ्यात वाईट. परतताना डोंगराच्या पायथ्याशी रस्ता कापलेला होता, तिथे उभी दरड तयारच मिळाली. तिच्यातून त्याने नमुन्याच्या पिशव्या भरून घेतल्या. प्रयोगशाळेचे आकडे आले ते वर्णनाशी तंतोतंत जुळले. जुळणारच. दोन्हीकडे पायथ्याचीच माती होती, सेजब्रशच्या उग्र वासाच्या झुडपांखालची, पाऊस पिणारी, नांगर सोसणारी. तळाची माती काय होती हे फक्त तळाला माहीत होतं.

आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये लोवेललाही ते कळलं. नकाशात पांढऱ्या झुडपांचा सगळा पट्टा पायथ्याच्या रंगाने रंगला होता आणि खाली लिहिलं होतं, नांगरून गवत पेरण्यास योग्य. बिशेंते ओयार्बिदेने नांगरलं होतं. तीन हजार एकर. पेरलं, पाऊसही झाला, गवत मात्र आलं नाही म्हणून त्याने निरोप धाडला होता. लोवेल त्या रानात उभा राहिला तेव्हा जमीन भाजलेल्या पावासारखी कडक आणि भेगाळलेली होती. त्याने वाकून एक खपली उचलली. दोन इंच जाड, खालून नुसती बारीक बारीक भोकं, फेस वाळून दगड व्हावा तशी. अशी माती पाऊस पीत नाही. थेंब पडले की लिंपून घेते आणि आतलं आत ठेवते. खपलीखाली गवताचे कोंब होते. उगवले होते सगळे. वर डोकं आपटून वाकले होते, दोन-दोन वेढे घेऊन पांढरेफटक पडले होते, आणि उजेड लागल्यावर त्याच्या डोळ्यांदेखत माना टाकत होते. बिशेंते मागे उभा होता, टोपी हातात घेऊन. "काय झालं रे?" त्याने विचारलं होतं. आणि लोवेल म्हणाला होता, "पाऊस अवेळी झाला. पुढच्या वर्षी बघ." खपली त्याने होती तिथे परत ठेवली होती, कडेला कडा जुळवून.

ते पुढचं वर्ष. गवताच्या जागी हॅलोजेटन आलं, लाल दांड्याचं, मांसल पानांचं, मोडलेल्या जमिनीवर कुठूनही उपटणारं विष. पांढरी झुडपं असती तर मेंढ्यांनी थंडी त्यांच्यावर काढली असती. ती नांगराखाली गेली होती. डिसेंबरातल्या एका दुपारी, पाण्यावरून परतताना, भुकेला कळप त्यात शिरला. लोवेलने हे पाहिलं नव्हतं. त्याच्याकडे फक्त एक छापील तक्ता आला होता: जागा, तारीख, कारण, सातशे चाळीस. तरी त्याला ते दिसे. मेंढ्या गुडघ्यावर बसतात, जणू थकल्या म्हणून, मग मान आडवी होते, तोंडाला फेस. हा फेस आणि खपलीतला तो वाळलेला फेस त्याच्या मनात कधी एकमेकांत मिसळून गेले हे त्यालाही कळलं नव्हतं. दाढी करताना आरशासमोर साबण लावता लावता त्याचा हात थांबे आणि बायको बाहेरून विचारी, "झालं का?"

"चौदा इंचांपर्यंत काय म्हणालास?" किट्रिजने विचारलं. तो आणि वेंडेल लोवेलच्या टेबलाशी खुर्च्या ओढून बसले होते. दुपारचं ऊन पानावर पडलं होतं. किट्रिज सावकाश बोलणारा, चष्म्याच्या काड्या चावणारा म्हातारा होता. त्याचं म्हणणं, मधला थर जर खरोखर ठोकळ्यांत घडलेला असेल तर ही मुरलेली वाळवंटी माती, एका गणात, म्हणजे वर्गात, जाईल. आणि घडण कच्ची असेल तर नुसता साचलेला गाळ, मग गणच बदलला. वेंडेल म्हणत होता, लोवेलने 'मध्यम' लिहिलंय म्हणजे मध्यमच. या माणसाने वीस वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. किट्रिज म्हणत होता, मध्यम की कमकुवत, हे प्रत्यक्ष हातात घेतल्याशिवाय कसं सांगणार? आणि दोघं लोवेलकडे बघत होते. लोवेलने बोटं एकमेकांवर चोळली, जणू त्यांच्यात ढेकूळ आहे. नसलेल्या मातीचा नसलेला थर घेऊन दोन शहाणीसुरती माणसं तासभर भांडत होती आणि त्यातल्या एकाचंही काही चुकत नव्हतं.

"मध्यम," लोवेल म्हणाला.

"झालं तर!" वेंडेल उठला. "उद्या सह्या, आणि मार्चपर्यंत पूर्वेकडची चार खोरी याच नावाखाली रंगवून टाकू. चाळीस हजार एकर. लोक नांगर लावून बसलेत, लोवेल. तुझ्या एका खड्ड्यावर."

पाच वाजता तो कचेरीतून निघाला तो घराकडे गेला नाही. पाय रुळांकडे वळले. मालगाडी जात होती, ती जाईपर्यंत तो फाटकाशी उभा राहिला आणि डबे मोजू लागला, मग थांबला. चाळीस हजार एकर म्हणजे किती कोंब? डोकं आपटून वाकलेले किती? खाणावळीचा मागचा जिना त्याने पायांचा आवाज न करता चढला. स्वयंपाकघरातून दोमिनिकाचा आवाज येत होता, कुणाला तरी घेवडा नीट निवडत नाहीस म्हणून झापत होती. तिसऱ्या मजल्यावरचं दार अर्धवट उघडं होतं.

बिशेंते खिडकीशी बसला होता आणि चाकूने संत्रं सोलत होता, सालाची एक सलग पट्टी काढत. त्याचे खांदे उतरले होते, पण मनगटं अजून मेंढी उलटी करून लोकर कातरणाऱ्या माणसाची होती. "बस," तो मागे न बघता म्हणाला. "दोमिनिका म्हणाली तू आलायस. इतक्या जवळ राहतोस होय रे?"

लोवेल पलंगाच्या कडेवर बसला. कचेरीतून निघताना, जिना चढताना काही जुळवलं नव्हतं. सुरुवात कुठून करावी ते कळेना. मग त्याने नंबरापासून सुरुवात केली. सतरावा खड्डा, म्हणाला. गाडी, वही, वीस मिनिटं, पायथ्याची दरड. जूनमधली खपली. सगळं सांगून झाल्यावर त्याला वाटलं, आता हा उठेल. चाकू हातात आहेच. त्याला खरंच वाटलं की बिशेंतेने उठावं.

बिशेंतेने सालाची पट्टी खिडकीत ठेवली. "मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"तू उतरला नव्हतास. दुसऱ्या दिवशी मेंढ्या घेऊन मी तिकडूनच गेलो. गाडी येऊन थांबल्याच्या खुणा होत्या, वळून गेल्याच्या होत्या. पावलाची एक नव्हती. त्या खपलीवर सशाचं पाऊल पडलं तरी वर्षभर मोडत नाही, बाबा. माणूस उतरला असता तर दिसलं नसतं?"

लोवेलने विचारलं, "मग नांगरलंस कशाला?"

"दोमिनिका नको म्हणत होती." त्याने संत्र्याची फोड तोंडात टाकली, बराच वेळ चावली. "तिचा बाप जन्मभर त्या तळावर मेंढ्या हाकायचा. पांढऱ्या झुडपांना हात लावू नको, खाली पीठ आहे, उडून जाईल, असं मरताना सांगून गेला होता. रोज रात्री जेवताना तेच. आणि मला गवत हवं होतं रे. हिरवं, पोटऱ्यांएवढं. लहानपणी आमच्याकडे डोंगरभर असायचं. पंचेचाळीस वर्षं मी करड्या रंगात काढली. एकदा हिरवं बघायचं होतं, बस. आणि तुझा कागद आला. शिक्का होता त्यावर. मी तो तिच्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हटलं, तुझा बाप मोठा की सरकार मोठं? ती गप्प झाली. लग्नानंतर पहिल्यांदाच गप्प झाली." तो हसला, की खोकला. "तुझा कागद खोटा आहे हे मला माहीत होतं. माती खोटी निघेल हे माहीत नव्हतं. माणसाला वाटतं ना, असेल, असेलही."

लोवेल म्हणाला, "मी तिला सांगतो. आत्ता खाली जाऊन सांगतो. ती तुझी अक्कल काढते..."

"तोंड बंद ठेव." बिशेंते पहिल्यांदा त्याच्याकडे वळला. डोळे अगदी स्वच्छ होते. "ती पाच वर्षं माझ्यावर चिडलेली आहे. चिडते म्हणून दिवसातून चार वेळा तीन जिने चढून वर येते. ताट आपटते. खिडकी उघडते, खिडकी लावते. नांगर कसा धरायचा असतो ते शिकवते. मला नांगरावरून बोलणारं जगात दुसरं कोण उरलंय? तू जाऊन सांगशील की याची चूक नव्हती, कागदच खोटा होता. मग ती काय करेल? माझी कीव करेल. किंवा तिला कळेल की मी जाणूनबुजून तिचं तोंड बंद केलं. दोन्हीपैकी काहीही झालं तरी ती वर यायची नाही." त्याने दुसरी फोड लोवेलपुढे धरली. "घे. आणि जा."

संत्र्याची फोड हातात घेऊन लोवेल जिना उतरला. रस्त्यात ती त्याने खाल्ली. आंबट होती. आपण काय घेऊन वर गेलो होतो आणि काय घेऊन खाली आलो, याचा त्याला पत्ता लागेना. त्याला शिक्षा हवी होती. ती मिळाली नाही. माफी हवी होती, तीही नाही. त्याचा गुन्हा त्याच्या एकट्याचासुद्धा राहिला नव्हता, त्यात दुसऱ्याने आधीच वाटा उचलून ठेवला होता, आणि तरी वजन एका गुंजेनेही कमी झालं नव्हतं. घरी बायकोने विचारलं, "बरं नाही का?" तो म्हणाला, "माती जरा जड गेली." तिला वाटलं विनोद केला.

सकाळी नऊ वाजता सह्यांसाठी पेन त्याच्याकडे आलं तेव्हा तो म्हणाला, "हा खड्डा मी खणलेला नाही."

वेंडेल हसला. "म्हणजे पोरांनी खणला असेल. कुणी का खणेना."

"कुणीच नाही खणला. मी गाडीत बसून लिहिलं. नमुने पायथ्याचे आहेत. तळावर फेसाळ खपली आहे, खाली सुटा गाळ आहे. तिथे नांगर लावला की काही उगवत नाही. ओयार्बिदेच्या सातशे चाळीस मेंढ्या त्या नांगरणीमुळेच गेल्या. ती चार खोरी नांगरू देऊ नका." त्याला वाटलं होतं की हे बोलताना आवाज कापेल. कापला नाही. वर्णन करत असल्यासारखा तो सपाट, नीट, क्रमाने बोलला.

वेंडेलचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. किट्रिजने चष्मा काढला, पुसला आणि अतिशय सौम्यपणे, जवळजवळ प्रेमाने विचारलं, "आणि बाकीचे?"

"बाकीचे कोणते?"

"बाकीचे खड्डे. वीस वर्षांचे."

लोवेलला प्रश्न कळायला वेळ लागला. बाकीचे खरे होते! प्रत्येकात तो उतरला होता. तो सांगू लागला: सोळा नंबरला साप निघाला होता, अकराला पाणी लागलं होतं, वाळवंटात पाणी, बत्तीसच्या तळाशी एवढा राखेचा थर होता, पांढरा, कापसासारखा, त्रेपन्न नंबरला पाठीत उसण भरली म्हणून तासभर खड्ड्यातच पडून राहिलो होतो, वर ढग जात होते. तो बोलत होता आणि बोलता बोलता त्याला स्वतःलाच ऐकू आलं की हे सगळं किती सुरेख आहे, कसं डोळ्यासमोर उभं राहतं. सतरा नंबरही असाच होता. किट्रिज मान हलवत ऐकत होता आणि पेन्सिलीने काहीही लिहीत नव्हता.

दुपारच्या आत निर्णय झाला. नाव रद्द. चार खोऱ्यांचं काम थांबवायचं. फेरतपासणी झाल्याशिवाय कुणालाही नांगरायला परवानगी नाही. लोवेल हास्किन्सने केलेले सगळे नकाशे, दोनशेच्या वर, कपाटातून काढून बाजूला ठेवायचे आणि त्यांच्यावर 'वापरू नये' असा शिक्का मारायचा. लोवेलने घरी जायचं, कळवलं जाईल. वेंडेल दारापर्यंत आला. त्याचे डोळे भरले होते. "एक सही करायची होती रे," तो म्हणाला. "फक्त एक सही. पुढच्या वर्षी गुपचूप जाऊन तिथे खड्डा खणला असतास आणि दुरुस्ती धाडली असतीस. सगळे तेच करतात." लोवेलला विचारावंसं वाटलं, सगळे म्हणजे कोण? पण त्याला उत्तर नको होतं. आतल्या खोलीतून शिक्क्याचे आवाज सुरू झाले होते, ठप, ठप. प्रत्येक आवाजागणिक एक खोरं बुजत होतं. साप, पाणी, राख, ढग.

बिशेंतेला एवढं सांगायला हवं होतं की ती चार खोरी वाचली. त्यासाठी तो खाणावळीत गेला. जेवणाची वेळ उलटून गेली होती. मागच्या दाराने स्वयंपाकघरातून जावं लागलं आणि दोमिनिका तिथे एकटीच होती, मोठ्या पातेल्याशी उभी, लसूण सोलत.

"थांबा," ती म्हणाली. "काल वर जाऊन आलात ना? माझ्यापासून काय लपतंय, जिन्याची तिसरी पायरी कुरकुरते. काय बोललात त्याच्याशी? तुम्ही गेल्यावर त्याने ताटातलं सगळं संपवलं. पाच वर्षांत पहिल्यांदा."

"सहज. जुन्या गोष्टी."

"जुन्या गोष्टी." तिने सुरी खाली ठेवली आणि हात एप्रनला पुसले, दोन्ही बाजूंनी, सावकाश. "मग मलाही एक जुनी गोष्ट सांगा. तुम्ही शिकलेले आहात, माती तोंडात घालून ओळखणारे. माझ्या नवऱ्याचं नेमकं काय चुकलं? की त्याचं काही चुकलंच नव्हतं? नकाशाच चुकला होता का? मी कधीकधी वर जाताना जिन्यात थांबते आणि विचार करते, आपण त्याला उगाच तर बोलत नाही ना. माझे वडील म्हणायचे, तिथे पीठ आहे. सांगा साहेब. खरं सांगा. मी रडणार-बिडणार नाही."

वाक्य जिभेवर तयार होतं. सकाळी एकदा उच्चारून झालं होतं, दुसऱ्यांदा उच्चारायला काहीच कष्ट पडणार नव्हते. या बाईचं सात वर्षांपूर्वी बरोबर होतं. सगळ्यांमध्ये एकटीचंच बरोबर होतं आणि ते तिला कुणीही सांगितलं नव्हतं. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दोमिनिकाने क्षणभर छताकडे बघितलं, बघून न बघितल्यासारखं केलं आणि पुन्हा त्याच्याकडे पाहू लागली.

"त्याने नांगर फार खोल घातला," लोवेल म्हणाला.

"किती?"

"दहा इंच."

"आणि किती घालायला हवा होता?"

"चार. साडेचार, फार तर. वरची चार इंच माती मऊ होती, दाणेदार. मुळं भरपूर. तेवढीच उलटायला हवी होती. खालची घट्ट माती वर आली आणि सगळं बिघडलं." शब्द आपोआप येत होते, एकामागून एक, स्वच्छ, तोललेले. त्याच्या बोटांना ऊब जाणवत होती. "नकाशा बरोबर होता."

दोमिनिका त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत त्याला वाटलं की तिने सगळं ओळखलं आहे. मग वाटलं, नाही. मग तिने श्वास सोडला आणि एप्रनची गाठ आवळली. "तरी म्हटलं!" ती म्हणाली. "तरी म्हटलं मी! दहा इंच! घर बांधायचं होतं का तिथे?" आणि ती निघालीच. वाटेतली खुर्ची तिने ढोपराने बाजूला सारली. जिन्यावर तिची पावलं धाडधाड वाजू लागली, पहिला मजला, दुसरा, तिसरा. दार उघडल्याचा आवाज आला. लोवेल पातेल्याशी उभा होता. रस्सा उतू जायला आला होता. त्याने गॅस बारीक केला. वर ती दोघं आपली भाषा आणि इथली भाषा मिसळून बोलत, आणि दोमिनिकाचा आवाज चढला की तीन मजल्यांमधून ऐकू येई.

"दहा इंच!" ती ओरडली. "बिशेंते, दहा? खरंच दहा इंच घातला होतास तू नांगर?"

लोवेलचा हात गॅसच्या बटणावरच राहिला. त्याला वाटलं, आता सगळं संपलं.

मग वरून एक घोगरा आवाज आला, जिन्याच्या पोकळीतून सावकाश खाली उतरत.

"हो," बिशेंते म्हणाला. "दहाच होता."